पानं पिवळी, शेंडे करपलेले, एक खोड मऊ: कुंडीतलं हे झाड ओळखायचं कसं आणि वाचवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षांपूर्वी ओळखीचं कुणीतरी घर बदलताना एक मोठं झाड तुमच्याकडे ठेवून गेलं. त्याचं नाव तुम्हाला माहीत नाही. एकाच कुंडीत कमी-जास्त उंचीची तीन जाड खोडं आहेत. प्रत्येकाच्या टोकाजवळ मक्यासारख्या लांब पानांचा झुपका आहे आणि पानाच्या मधोमध पिवळसर पट्टा. गेल्या दोन महिन्यांत खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, उरलेल्यांचे शेंडे करपले आणि सगळ्यात उंच खोडाच्या झुपक्यानं मान टाकली. तुम्ही रोज एक पेला पाणी घालता. दोनदा खत दिलंत. ऊन कमी पडत असेल म्हणून दोन दिवस बाहेर ठेवलंत, तर पानांवर पांढुरके डाग आले. आता तुम्ही विचारताय की हे झाड कोणतं, ते मेलंय का आणि त्याला कोणतं खत द्यावं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: कोणतंही नाही. घराघरांतली आणि ऑफिसांमधली कुंडीतली झाडं सांभाळायचं काम मी वीसेक वर्षं करते आहे. आजारी झाड पाहिलं की त्याला काहीतरी द्यावंसं वाटतं, आणि ते प्रेमापोटीच वाटतं. पण तुमच्या झाडाला आज काही द्यायचं नाहीये, जास्तीचं काढून घ्यायचं आहे. आणि नाही, ते मेलेलं नाही. निदान सगळं तरी नाही.

हे ड्रेसिना आहे. पूर्ण नाव ड्रेसिना फ्रॅग्रन्स, आणि पिवळ्या पट्ट्याच्या या जातीला नर्सरीत मसांजियाना म्हणतात. मक्याशी त्याचं काही नातं नाही. ते शतावरीच्या कुळातलं आहे. नावातल्या फ्रॅग्रन्सचा अर्थ सुवासिक. घरात क्वचितच फुलतं, पण फुललं की संध्याकाळनंतर त्याचा वास अख्ख्या खोलीत भरतो.

मी हे इतक्या खात्रीनं सांगते आहे ते तीन खुणांवरून, आणि त्या तुम्ही स्वतः तपासून घ्या. पहिली खूण, पानाला देठ नाही. पानाचा बुंधाच खोडाला मिठी मारून बसलेला असतो. घरात याच्याशी गल्लत होते ती डिफेनबेकिया आणि अग्लोनेमाची, पण त्या दोघांच्या पानांना स्पष्ट देठ असतो. दुसरी, पानातल्या शिरा एकमेकींना समांतर, बुंध्यापासून शेंड्याकडे धावतात. तिसरी, खोडावर जवळजवळ आडव्या वळ्या दिसतात. प्रत्येक वळी म्हणजे पूर्वी गळलेल्या एका पानाची जागा. आता खोडाच्या अगदी वरच्या टोकाकडे बघा. ते करवतीनं कापल्यासारखं सपाट असेल, कदाचित त्यावर मेणाचा थरही असेल, आणि पानांचे झुपके त्या टोकातून न येता त्याच्या जरा खालून, बाजूनं फुटलेले असतील.

ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण तुमचं झाड वाचवायची किल्ली तिच्यातच आहे. ही खोडं म्हणजे मोठ्या झाडाचे कापलेले सोटे असतात. ते मापानं कापतात, वरचं तोंड मेणानं बंद करतात आणि खालचं टोक रुजवतात. मग दोन-तीन वेगवेगळ्या उंचीचे सोटे एका कुंडीत लावून विकतात, म्हणजे भरगच्च दिसतं. तुमच्या कुंडीत एक झाड नाही, तीन आहेत. त्यांची मुळं वेगळी, नशीबही वेगळं. उंच खोड कुजलं म्हणून बाकीची दोन जाणारच असं नाही. मूळचं हे झाड आफ्रिकेच्या उष्ण भागातलं, सुदानपासून मोझांबिकपर्यंतच्या जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. तिकडे त्याचे सोटे जमिनीत खोचून कुंपण करतात. कापलेल्या तुकड्यातून पुन्हा उभं राहणं त्याच्या स्वभावातच आहे.

आता रोगाकडे येऊ. तुम्ही सांगितलेली चारही लक्षणं एकाच कारणाची नाहीत. पांढुरके डाग उन्हाचे आहेत. महिनोन् महिने घरात राहिलेलं पान एकदम कडक उन्हात गेलं की भाजतं. ते डाग जाणार नाहीत, पण पसरणारही नाहीत, त्यांची चिंता सोडा. करपलेल्या शेंड्यांचं कारण बहुतेक पाणी आणि खतातले क्षार, त्यावर पुढे बोलते. खालची पिवळी पानं आणि मान टाकलेला झुपका, ही खरी तक्रार. तिचं मूळ शब्दशः मुळात आहे.

मान टाकलेलं झाड दिसलं की हात आपोआप झारीकडे जातो. पण तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते, तिच्यातला ऑक्सिजन ती घेतात आणि त्या जोरावर पाणी शोषून घेतात. त्या फटी सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या तर ऑक्सिजन तिथवर पोचत नाही. पाण्यातून तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. मूळ गुदमरतं, मरतं आणि मेलेल्या मुळावर कुजवणाऱ्या बुरशी ताव मारतात. मुळं गेली की पाणी वर चढणार कसं? झाड पाण्यात उभं राहून तहानेनं कोमेजतं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो शब्द इथे अगदी चपखल बसतो. माती ओलीही आहे आणि तिच्यात हवाही खेळते आहे, अशी ती अवस्था. रोजच्या पेल्यानं तुमच्या कुंडीला दोन वर्षांत वाफसा आलेलाच नसावा.

पण हा माझा अंदाज झाला. झाड प्रत्यक्ष तपासल्याशिवाय उपचार करू नका. आज पाणी घालू नका, आणि या चार गोष्टी करा.

एक लांब लाकडी काडी घ्या, साल काढलेली, कोरडी. ती कुंडीच्या काठाजवळून तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटं राहू द्या आणि बाहेर काढा. लाकूड कुठवर काळपट ओलं झालंय ते दिसेल. वरची बोटभर माती कोरडी असते आणि खाली चिखल असतो, हे इतक्या वेळा पाहिलंय की नुसत्या बोटानं माती चाचपून दिलेल्या निदानावर मी विश्वास ठेवत नाही. काडीचा वासही घ्या. निरोगी मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो. आंबूस, गटारासारखा वास आला तर खाली कुजणं चालू आहे.

मग प्रत्येक खोड मातीलगत अंगठ्यानं दाबा. निरोगी खोड लाकडासारखं टणक लागतं. कुजलेलं दबतं, साल आतल्या भागावरून सरकते, कधी पाणीही येतं. मऊ नाही पण साल सैल, सुरकुतलेली आणि आतून पोकळ वाटत असेल, तर ते खोड वाळून गेलंय. शंका असेल तिथे नखानं सालीवर छोटासा ओरखडा काढा. खाली हिरवट ओलसर दिसलं तर तिथवर जीव आहे.

तिसरी गोष्ट, कुंडी शोभेच्या दुसऱ्या भांड्यात ठेवलेली असेल तर ती उचला आणि आत बघा. मला बोलावलेल्या कितीतरी घरांत निदान इथेच संपलं आहे. बाहेरच्या सुंदर भांड्याच्या तळाशी चार बोटं पाणी साठलेलं, आणि ते आहे हे कुणालाच माहीत नाही.

चौथी, झाड कुंडीतून बाहेर काढा. लोक याला घाबरतात, पण आजारी झाडाची मुळं न बघता उपचार करणं अंधारात चाचपडण्यासारखं आहे. कुंडी आडवी करा, कडेनं थोपटा. एकानं खोडं बुंध्याशी धरावीत, दुसऱ्यानं कुंडी ओढावी. खोडाला धरून हिसका देऊ नका. या सोट्यांना मुळं त्यांच्या आकाराच्या मानानं फार कमी असतात.

मुळं दिसली की थांबा आणि हे वाचा. ड्रेसिनाची निरोगी मुळं नारिंगी-पिवळी असतात. पांढरी नव्हे. कुंडीतल्या झाडांबद्दलच्या प्रत्येक सल्ल्यात ‘पांढरी मुळं चांगली, रंगीत मुळं कुजलेली’ असं म्हटलेलं असतं, आणि बाकीच्या बहुतेक झाडांना ते लागूही पडतं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका मोठ्या ड्रेसिनाची सगळी नारिंगी मुळं कुजलेली समजून कापून टाकली होती. ते झाड केवळ माझ्यामुळे गेलं. म्हणून आता कुणालाही हे सांगितल्याशिवाय कात्री हातात घेऊ देत नाही. रंगावर जाऊ नका, स्पर्शावर जा. जिवंत मूळ भरीव असतं, हलकं ओढलं तर ताणाला उभं राहतं. मेलेलं मूळ काळं-तपकिरी, लिबलिबीत असतं. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि मागे दोऱ्यासारखी बारीक शीर लोंबत राहते. तो मोजा निघाला की समजा, ते मूळ गेलं. (जाता जाता, ड्रेसिनासारखंच दिसणारं कॉर्डिलिन नावाचं एक झाड आहे. पानांवरून दोघांत भल्याभल्यांची फसगत होते, पण त्याची मुळं पांढरी असतात. तेव्हा ओळख पटवायलाही मुळंच कामी येतात.)

कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीनं निरोगी भागापर्यंत कापा. कात्री स्पिरिटनं पुसून घ्या आणि एका खोडाकडून दुसऱ्याकडे जाताना परत पुसा. चिखल झालेली माती बोटांनी झाडून टाका, हवं तर मुळं वाहत्या पाण्यात हलकेच धुवा. तीन खोडं एकमेकांत फार गुंतलेली नसतील तर या निमित्तानं वेगळी करा. गुंतलेली असतील तर ओढाताण करू नका, मेलेलं तेवढं खोड काढून घ्या.

आता कुंडी. इथे मोठी चूक होते ती अशी की ‘नवीन घर मोठं हवं’ म्हणून आजारी झाड मोठ्या कुंडीत जातं. मुळं थोडी आणि माती भरपूर, मग त्या मातीतलं पाणी शोषणार कोण? उरलेल्या मुळांच्या गठ्ठ्याभोवती जेमतेम दोन बोटं जागा राहील एवढीच कुंडी घ्या, भले ती आधीच्यापेक्षा लहान असो. उंच खोड कलंडेल असं वाटलं तर कुंडी मोठी न करता काठीचा आधार द्या. तळाला भोक हवंच. भोक नाही ती कुंडी फक्त बाहेरून झाकायला वापरायची.

तळाशी खडे घालायचे का, हेही विचाराल. नका घालू. निचरा सुधारतो असा समज आहे, प्रत्यक्षात उलट होतं. घरात करून बघा: भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवा आणि तळहातावर आडवा ठेवा. ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज उभा धरा. पाण्याची आणखी एक धार खाली येते. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतल्या मातीच्या तळाशीही पाण्याचा असाच एक थर अडकून राहतो, आणि खड्यांनी तो नाहीसा होत नाही, खड्यांच्या उंचीएवढा वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकातून माती वाहू नये एवढ्यापुरता जाळीचा तुकडा पुरे.

मातीसाठी माझं मिश्रण दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग झाडाच्या सालीचे तुकडे, एक भाग धुतलेली जाड वाळू आणि मूठभर चांगलं मुरलेलं कंपोस्ट. मुठीत दाबून सोडलं की गोळा सुटला पाहिजे. पर्लाइटही (माती भुसभुशीत करणारे पांढरे, हलके दाणे) चालतं, पण त्यात थोडं फ्लोराइड असतं आणि या झाडाला ते सोसत नाही, म्हणून मी सालीला पसंती देते. त्याच कारणासाठी सुपर फॉस्फेट खत यात कधी घालू नका. मिश्रण आधीच ओलसर करून घ्या, लावा आणि तीन-चार दिवस पाणी देऊ नका. कापलेल्या जखमा तेवढ्यात सुकतात. खोड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच पुरा. डळमळतंय म्हणून आणखी खोल गाडू नका.

त्यानंतर पाणी रोज नाही आणि वारावरही नाही. काडी खुपसा. कुंडीचा वरचा निम्मा भाग कोरडा झाला असेल तरच पाणी, आणि मग मात्र सगळ्या मातीला, तळातून वाहीपर्यंत. बशीत साठलेलं अर्ध्या तासानं ओतून टाका. एक पेला रोज ही रीत वाईट का, तर ती वर सतत ओलं ठेवते आणि क्षार कधीच धुऊन नेत नाही. पाणी घातल्यावर आणि घालायच्या आधी कुंडी एकदा उचलून बघायची सवय लावा. पंधरा दिवसांत हाताला वजन कळायला लागतं आणि काडीचीही गरज उरत नाही.

प्रकाशाबद्दल लोक एक तर अति करतात किंवा काहीच करत नाहीत. आपले डोळे अंधुक उजेडाला इतके सरावतात की खोली उजळच वाटते. भर उन्हात साधारण एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, तर खोलीच्या आतल्या कोपऱ्यात शे-दोनशेसुद्धा नसतो. ड्रेसिनाला तग धरायला हजाराच्या आसपास हवा, सावरायला त्याहून जास्त. मोबाइलवर लक्स मोजणारं अ‍ॅप मिळतं, अंदाजापुरतं ते ठीक आहे. नाहीतर दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद धरा आणि वर वीतभर अंतरावर हात. कागदावर हाताची धूसर पण ओळखू येणारी सावली पडली तर जागा चांगली. सावलीच नसेल तर झाड उपाशी आहे, आणि उपाशी झाड पाणीही कमी पितं, म्हणजे माती आणखी दिवस ओली राहते. बोटन् बोट ठळक दिसलं तर उजेड फार कडक आहे. खिडकीपासून तीन-चार फुटांवर, थेट ऊन अंगावर न येणारी जागा बहुतेक ठिकाणी जमते. एसीचा झोत अंगावर नको. पंधरा अंशांखालची थंडी याला मानवत नाही.

करपलेल्या शेंड्यांचं आता सांगते. ड्रेसिना पाण्यातल्या फ्लोराइडला फार हळवं असतं. ते पाण्याबरोबर पानात चढतं, पाणी वाफ होऊन निघून जातं आणि फ्लोराइड शेंड्याला आणि कडांना साठत राहतं. खतातले क्षारही तेच करतात. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पापडी जमली असेल तर ते क्षारच आहेत. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की साधं क्लोरीन उडून जातं, फ्लोराइड मात्र जात नाही, आणि पाणी उकळलं तर ते उलट दाट होतं. पावसाचं किंवा आरओचं पाणी मिळालं तर उत्तम. करपलेला शेंडा कात्रीनं पानाच्या मूळ आकारात तिरका कापता येतो. कापताना तपकिरी भागाची केसाएवढी कड ठेवा. हिरव्यात कात्री गेली की नवी जखम होते आणि कड पुन्हा वाळते. हिरवी पानं मात्र, कितीही केविलवाणी दिसोत, कापू नका. नवीन मुळांचा खर्च तीच भागवणार आहेत. पूर्ण पिवळं पान हलक्या हातानं ओढून निघालं तर काढा.

उंच खोडाकडे वळू. बुंध्याशी मऊ लागत असेल तर ते कुंडीत ठेवून वाचणार नाही, पण त्याचा वरचा भाग वाचेल. धारदार करवतीनं खालून वर, थोडं थोडं कापत जा आणि प्रत्येक काप बघा. कुजलेला भाग तपकिरी, तंतू सुटलेला दिसतो. जिथे काप सगळीकडे सायीच्या रंगाचा, घट्ट दिसेल तिथे थांबा. एक तपकिरी ठिपकाही मागे राहू देऊ नका, तेवढ्यावरून कुजणं पुन्हा चढतं. झुपका अजून हिरवा असेल तर तो त्याच्या पाच-सहा इंच कोवळ्या खोडासकट वेगळा कापून पाण्यात किंवा ओलसर कोकोपीटमध्ये लावा. पाण्यात ठेवलात तर ते आठवड्याला बदला. मधल्या सोट्याचे वीत-वीतभर तुकडे करा, आणि कापतानाच प्रत्येकाच्या वरच्या टोकावर खूण करा. एकदा तुकडे टेबलावर पडले की वर-खाली ओळखणं कठीण, आणि उलटा लावलेला तुकडा नीट रुजत नाही. दिवसभर सावलीत सुकू द्या, मग एक तृतीयांश मातीत जाईल असे लावा. तीन ते सहा आठवड्यांत मुळं धरतात, कधी जास्तही लागतात. वळ्यांजवळचे डोळे फुगून हिरवे कोंब दिसले तरी लगेच उपटून मुळं बघायचा मोह आवरा. सोट्यात साठलेल्या अन्नावर कोंब मुळांच्या आधीही येतो.

किडीचंही एकदा बघून घ्या. पानाच्या बगलेत कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं एकेक टिपा आणि आठवड्यानं पुन्हा बघा. पांढऱ्या कागदावर पान झटकल्यावर पडलेले ठिपके चालायला लागले तर ते कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड; पानं दोन्ही बाजूंनी धुऊन काढा. मातीवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर ती आजाराचं कारण नाहीत, माती सतत ओली असल्याची चुगली करताहेत.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर हे झाड आणि त्याची कापलेली पानं त्यांच्या तोंडाला लागणार नाहीत अशी ठेवा. त्यात सॅपोनिन नावाची त्यांना बाधणारी द्रव्यं असतात. खाल्लं तर उलट्या होतात, मांजरांच्या बाहुल्या विस्फारतात. असं काही दिसलं तर थेट पशुवैद्याकडे न्या.

इतर झाडं असलेल्यांसाठी दोन शब्द. स्नेक प्लांट हे आता ड्रेसिनाच मानलं जातं, २०१७ पासून त्याचं शास्त्रीय नाव ड्रेसिना ट्रायफॅशिएटा आहे. त्याला आणि झीझी प्लांटला मातीत जाड गड्डे असतात, त्यात पाणी साठतं, म्हणून त्यांची माती तळापर्यंत कोरडी होऊ द्यायची. पीस लिली मात्र तहान लागली की नाट्यमय मान टाकते आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत उभी राहते. उभी राहिली नाही तर मुळं बघा. रबराचं झाड किंवा फायकस जागा बदलली म्हणूनही पानं टाकतं, त्याला हलवायचं थांबवलं की सावरतं. पिवळेपणा कुठून सुरू झाला हेही बघत जा. जुन्या, खालच्या पानांवर असेल तर पाणी, मुळं किंवा नत्र. सगळ्यात नव्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर बहुधा लोह पोचत नाहीये, आणि तेही बऱ्याचदा मुळं खराब असल्यामुळेच.

झाड सुधारतंय हे कळणार कसं, कारण पिवळं पान काही पुन्हा हिरवं होत नाही आणि पहिल्या तीन-चार आठवड्यांत आणखी दोन-चार पानं गळतीलही? त्यासाठी मी एक खूण करते. झुपक्याच्या मध्यावरची अगदी कोवळी दोन-तीन पानं आणि त्यांना लागून असलेलं एक जुनं पान एकत्र धरायची आणि त्यांवरून बारीक पेनानं एका पातळीत आडवी रेघ ओढायची. ड्रेसिनाचं पान बुंध्याकडून वाढतं. गाभा जिवंत असेल तर कोवळ्या पानावरची रेघ हळूहळू वर सरकते आणि जुन्या पानावरची जागेवर राहते. दोन रेघांमध्ये काडीभर अंतर पडलं तरी आत काम चालू आहे. हे अंतर डोळ्यांना नवीन पान दिसायच्या कितीतरी आधी दिसतं.

उरलेल्या दोन खोडांवर आज अशा रेघा ओढा आणि कुंडीवर तारीख लिहा. सहा आठवडे पाणी काडी बघून, बाकी काही नाही. त्या काळात दोन्ही खोडांच्या कोवळ्या पानांवरच्या रेघा सरकल्या आणि निदान दोन नवी पानं पूर्ण उघडली, तर खत सुरू करायला हरकत नाही: पाण्यात विरघळणारं, पाकिटावर लिहिलेल्याच्या पाव मात्रेत, ओल्या मातीत, महिन्यातून एकदा. एखाद्या खोडाची रेघ आहे तिथेच राहिली तर ते खोड पुन्हा बुंध्याशी दाबून बघा, आणि मऊ लागलं तर वाट न बघता त्याच्यावरही करवत चालवा, झुपका हिरवा असेपर्यंत.